खाऊ, जेवण आणि समजुती : कुत्र्याच्या घरगुती आहाराच्या वादाचा आढावा

कुत्र्याला काय घालावं, हा प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी आपल्या घरांत कुणाला पडत नव्हता. माणसांची जेवणं आटोपली की उरलेली भाकरी आमटीत नाहीतर ताकात कुस्करायची आणि मागच्या दारी थाळीत ओतायची, संपलं काम. आज याच प्रश्नावरून एका सोसायटीतली दोन घरं एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहतात. एकाच्या मते पाकिटातलं खाणं म्हणजे रसायनं. दुसऱ्याच्या मते घरचा चिकन-भात म्हणजे अडाणीपणा. मधल्या मध्ये नाचणीची बिस्किटं, सुकवलेली कलेजी, रताळ्याचे काप असा ‘डॉग ट्रीट’चा घरगुती व्यवसाय जोरात सुरू झाला आहे.

वरवर पाहता हा घरचं आणि विकतचं यांच्यातला वाद आहे. पण त्यात दोन निराळे प्रश्न एकत्र कालवले गेले आहेत : कुत्र्याचं रोजचं जेवण आणि अधूनमधून हातावर ठेवायचा खाऊ. या दोहोंबाबत आज हाती असलेला पुरावा सारखा नाही, आणि तो वेगवेगळा पाहिला तर बरीचशी भांडणं आपोआप निवळतात. उरतात ती मात्र खरी आहेत.

भाकरीपासून किबलपर्यंत

कुत्र्याला घास घालण्याची आपली परंपरा जुनी आहे. वैश्वदेवात आणि पितृपक्षात गाय-कावळ्यांबरोबर कुत्र्याचा बळी, म्हणजे त्याचा अन्नाचा वाटा, काढून ठेवतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवत आणि कोटंब्यात खात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. (आजचा पशुवैद्य त्या वाटीला हरकत घेईल. एकदम पोटात गेलेलं पुष्कळ तूप-तेल स्वादुपिंडाला सूज आणू शकतं.) धनगरांची कुत्री आणि दख्खनची कारवान जात मुख्यत्वे भाकरी, दूध-ताक आणि मिळेल ते मांस यांवर पोसली गेली. त्यात आहारशास्त्र नव्हतं. घरात जे शिजेल त्यात कुत्र्याचा वाटा, एवढाच हिशेब होता.

विकतचं खाणं इंग्लंडमधून आलं. जेम्स स्प्रॅट या अमेरिकी माणसाने १८६०च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी खास बिस्किटं विकायला काढली. बंदरावरची कुत्री जहाजावरची शिळी, कडक बिस्किटं खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्याच्या कंपनीत नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ साली स्वतःच्या नावाचं श्वानप्रदर्शन भरवलं आणि ते आजही भरतं. म्हणजे खाद्याचा धंदा आणि ‘चांगल्या जातीचा कुत्रा’ ही कल्पना सुरुवातीपासून हातात हात घालूनच चालल्या. अमेरिकेत १९२२मध्ये डबाबंद घोड्याचं मांस आलं. १९५७मध्ये प्युरिनाने धान्य आणि मांसाचा लगदा दाबाखाली शिजवून, फुगवून कोरडे दाणे केले. आजचं ‘किबल’ म्हणतात ते हेच. आपल्याकडे ते मुख्यतः उदारीकरणानंतर रुळलं आणि एका ब्रँडचं नाव सगळ्याच दाण्यांना चिकटलं. ‘पेडिग्री घालतो’ असं म्हणणाऱ्याच्या घरी पाकीट दुसऱ्याच कंपनीचं असू शकतं.

या खाण्यावरचा विश्वास २००७मध्ये हादरला. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं, उत्तर अमेरिकेत कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि शेकडो नावांचं खाद्य परत घ्यावं लागलं. त्याच सुमारास आयात केलेल्या सुक्या चिकनच्या पट्ट्या खाऊन कुत्री आजारी पडत असल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, येऊ लागल्या. २०१५अखेर हजाराहून जास्त कुत्र्यांचे मृत्यू त्या तक्रारींत नोंदले गेले होते, तरी नेमकं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही. घरी केलेल्या खाऊची आजची लाट तिथून सुरू होते. आपल्याकडे तिला जोर आला तो टाळेबंदीत, जेव्हा घरोघरी पिल्लंही आली आणि ओव्हनही.

जेवणाबद्दलच्या बाजू

तयार खाद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. कुत्र्याला सुमारे चाळीस पोषक घटक ठरावीक प्रमाणात लागतात. कारखान्यात ते मोजून घालता येतात, स्वयंपाकघरात अंदाजाने. त्यांच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांचा आहे. त्यांनी २०१३मध्ये पुस्तकं आणि संकेतस्थळांवरच्या, घरी शिजवायच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता आणि ८० टक्क्यांहून जास्त पाककृतींत एकाहून अधिक. यांतल्या निम्म्याहून जास्त पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या, ही गोष्ट मात्र हा दाखला देताना बरेच जण गाळतात.

कमतरता म्हणजे नेमकं काय होतं, ते कॅल्शियमवरून कळेल. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, आणि फार तर त्याच्या दुप्पट. हाडाविना मांसात ते फॉस्फरसच्या पंधरा-वीस पट कमी असतं. भातातही फारसं नाही. अशा चिकन-भातावर वाढणारं पिल्लू रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते ओढून घेतं. ते गुटगुटीत दिसतं, वजन चांगलं असतं आणि एक दिवस सोफ्यावरून उडी मारताना त्याचा पाय मोडतो. घरच्या जेवणाला हाच आजार सर्वांत जास्त बदनाम करतो, आणि तो टाळणं तसं सोपं आहे. एका अंड्याच्या कवचाच्या बारीक पुडीत साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. मात्र ती पूड किती घालायची, हे कुत्र्याच्या वजनाप्रमाणे पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं लागतं.

उलट टोकाची चूकही आपल्याकडे सर्रास होते. जर्मन शेफर्डच्या पिल्लाचे कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियमचं सिरप पाजतात. कान उभे राहणं हे कूर्चेचं आणि वयाचं काम आहे. मोठ्या जातींची पिल्लं आलेलं जादा कॅल्शियम नीट नाकारू शकत नाहीत आणि त्यांची हाडं वेडीवाकडी वाढतात. ‘पेडिग्री’ही चालू आणि वर सिरपही, हा प्रकार तर दुहेरी.

घरच्या जेवणाची बाजूही हलकी नाही. पशुआहारतज्ज्ञाने आखून दिलेला घरचा आहार पूर्ण पोषक असू शकतो, हे विरोधकही मान्य करतात. मूत्रपिंडाचा आजार, अ‍ॅलर्जी, चिवट जुलाब अशा वेळी कित्येकदा तोच सुचवला जातो. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०२३मध्ये मालकांना प्रश्नावल्या देऊन पाहणी केली. पिल्लूपणी ताटातलं उरलेलं आणि कच्चं मांस खाल्लेल्या कुत्र्यांत पुढे आतड्यांचा जुनाट आजार कमी आढळला, निव्वळ दाण्यांवर वाढलेल्यांत जास्त. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरीही ‘उरलेलं म्हणजे वाईटच’ असं ठामपणे सांगणाऱ्यांना ती विचारात घ्यावी लागेल.

तिसरी बाजू कच्च्या मांसाची. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३च्या पुस्तकापासून हा पंथ वाढला. कुत्रा लांडग्याचा वंशज, म्हणून त्याला कच्चं मांस आणि हाडं, हा त्याचा गाभा. विरोधकांचा आक्षेप जंतूंचा आहे. एफडीएने २०१० ते २०१२ या काळात तपासलेल्या कुत्र्यामांजरांच्या कच्च्या खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५मध्ये साल्मोनेला आणि ३२मध्ये लिस्टेरिया सापडले. कुत्रा ते बऱ्याचदा पचवतो. त्याचं तोंड चाटून घेणारं लहान मूल किंवा घरातली आजी पचवेलच असं नाही.

आपल्याकडे हा वाद पंथाच्या रूपात फारसा नाही, चिकनच्या दुकानात आहे. संध्याकाळी गल्ल्यापाशी उभं राहिलं की दिसतो. ‘कुत्र्यासाठी अर्धा किलो द्या’ म्हटलं की दुकानदार खालच्या पाटीतून पंजे, मुंड्या, माना, कातडी आणि कोथळ्याचा गठ्ठा उचलतो, तराजूत टाकतो आणि काळ्या पिशवीत बांधतो. ती पाटी सकाळपासून बर्फाविना तिथेच असते. घरी गेल्यावर ते हळद घालून उकडतात, आणि ही उकडण्याची रीत युरोपातल्या कच्चेवाद्यांपेक्षा शहाणपणाची आहे. फक्त उकडलेली हाडं काढून टाकायला हवीत. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार तुकड्यांत फुटतं आणि आतड्यात रुततं. कोंबडीचं हाड कच्चं असताना त्या मानाने लवचिक असतं, एवढं कच्चेवाद्यांचं म्हणणं बरोबर आहे. दात मोडण्याचा आणि अडकण्याचा धोका त्यातही आहेच.

लांडग्याच्या युक्तिवादाला मोठा छेद दिला तो २०१३मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधनाने. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीच्या कडेने राहता राहता कुत्रा धान्य पचवायला शिकला. सायबेरियन हस्की आणि ऑस्ट्रेलियातला डिंगो यांच्यात मात्र या प्रती कमीच आहेत, कारण त्यांच्या माणसांनी शेती केली नाही. तेव्हा भाकरीवर वाढलेली कुत्री काही चमत्कार करत नव्हती.

यातूनच शाकाहाराचा प्रश्न निघतो आणि आपल्या अनेक घरांत तो खरोखरचा आहे. मांजराला मांसाविना चालत नाही. कुत्र्याला तत्त्वतः चालू शकतं, कारण मांसातून मिळणारं टॉरिन तो स्वतः तयार करतो. ब्रिटिश पशुवैद्यक संघटनेने २०२४मध्ये कुत्र्यांच्या वनस्पतिजन्य आहाराला असलेला आपला सरसकट विरोध मागे घेतला, मात्र आहार तज्ज्ञाच्या सल्ल्याने संतुलित केलेला हवा ही अट ठेवली. वरण-भात-तूप ही अट पूर्ण करत नाही. एक गोष्ट इथे सहसा कुणाला माहीत नसते : कुत्रा आपल्यासारखा उन्हात बसून पुरेसं ‘ड’ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं.

खाऊचा हिशेब

खाऊबाबत मात्र तज्ज्ञांत बरंच एकमत आहे. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी दहा टक्क्यांपर्यंत खाऊ चालतो. तेवढ्यात तो पोषणाच्या दृष्टीने अपुरा असला तरी बिघडत नाही, कारण बाकीचे नव्वद टक्के जेवण ती जबाबदारी घेतं. म्हणूनच घरी केलेल्या जेवणावरचे आक्षेप घरी केलेल्या खाऊला लागू पडत नाहीत, आणि दोन्हींना एकाच मापाने झोडपणारे पशुवैद्य मला पटत नाहीत.

दहा टक्के म्हणजे किती, हे पाहिलं की डोळे उघडतात. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी पुरतात. खाऊचा वाटा ६०-६५. एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे सकाळच्या चहाबरोबरची तीन बिस्किटं झाली की दिवसाचा खाऊ संपला, वर थोडी उधारी. त्यानंतर आजोबांच्या ताटातली तूप लावलेली पोळी, शाळेतून आलेल्या नातवाचे वेफर्स, रात्री कुणीतरी ‘बिचारा बघतोय’ म्हणून दिलेला चीजचा तुकडा. घरातला प्रत्येक जण थोडंच देतो. कुत्रा मात्र एकच असतो.

याची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांवर झालेल्या आजन्म अभ्यासात निम्म्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं गेलं. २००२मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं, जोडीदारांचं ११.२. कुठलंही सेंद्रिय पीठ किंवा परदेशी पाकीट एवढा फरक पाडल्याचं दाखवता आलेलं नाही.

घरच्या खाऊची खरी गंमत त्याच्या साधेपणात आहे. रताळं धुऊन, सालासकट पाव इंचाच्या चकत्या करायच्या आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर दोन-तीन तास ठेवायच्या, मधे एकदा उलटायच्या. चकती वाकवली तर चामड्यासारखी वाकली पाहिजे, तुटता कामा नये. मीठ नाही, साखर नाही, फोडणी तर नाहीच. गाजराचा तुकडा, बिया काढलेलं सफरचंद, उकडलेला लाल भोपळा, दह्याचा गोठवलेला गोळा हे सगळं चालतं. कलेजी कुत्र्याला जीव की प्राण असते. पण तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं आणि ते शरीरात साठत जातं, म्हणून ती नखाएवढ्या तुकड्यांतच बरी.

अडचण येते टिकवण्याची. कारखान्याच्या खाऊत बुरशीरोधक असतं, घरच्यात नसतं. कोकणात किंवा पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये नीट न सुकलेली चकती दोन दिवसांत मऊ पडते आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर केस उगवतात. शेंगदाणे आणि मका यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि त्याने कुत्र्याचं यकृत फार लवकर बिघडतं. हा दोष फक्त घराचा नाही. अमेरिकेत २००५ आणि २०२० या दोन्ही साली कारखान्यातल्या दूषित खाद्याने कुत्री मेली. पण कारखान्याचा माल परत तरी मागवता येतो.

स्वयंपाकघरातली विषं

या भागात मतभेद कमी आणि गोंधळ जास्त आहे. इंटरनेटवरच्या याद्या चॉकलेटपासून सुरू होतात आणि आपल्या फोडणीपर्यंत पोहोचतच नाहीत.

मराठी स्वयंपाकघरात पहिला मान कांद्याचा. कांद्यातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा एका वेळी गेला तर रक्तावर स्पष्ट परिणाम दिसतो. दहा किलोच्या कुत्र्याला म्हणजे दोन-तीन कांदे. एवढं कोण घालतं, असं वाटेल. पण थोडं थोडं रोज गेलं तरी परिणाम साठतो, शिजवल्याने विष जात नाही आणि पूड केल्यावर तर ते जास्तच दाट होतं. मटणाच्या रश्श्यातला भात, कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, इन्स्टंट नूडल्सची पुडी हे सगळं याच खात्यात येतं. ‘आमचा मोत्या रोज आमटी-भात खातो, त्याला काही झालं नाही’ यावर उत्तर एवढंच की सौम्य रक्तक्षय बाहेरून दिसत नाही. मोत्या जरा जास्त झोपतो इतकंच.

लसणाबाबत मात्र खरा वाद आहे. गोचीड पळवायला लसूण चारावा, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि परदेशातही. २०००मध्ये जपानमधल्या प्रयोगात कुत्र्यांना दर किलोमागे ५ ग्रॅम लसणाइतका अर्क रोज, आठवडाभर दिला गेला. तांबड्या पेशींना इजा दिसली, पण उघड रक्तक्षय झाला नाही. पुढे मुरवलेल्या लसणाच्या अर्काने काही आठवडे त्रास झाला नाही, असाही निष्कर्ष आला. म्हणजे एखादी पाकळी विष नव्हे, हे म्हणणाऱ्यांना आधार आहे. पण लसणाने गोचीड पळते, याला भरवशाचा पुरावा नाही. आपल्या हवामानात ‘टिक फीव्हर’ घरोघरीचा आहे. बॅबेसिया हा त्यातला एक परजीवी तांबड्या पेशीच फोडतो. त्याच पेशींवर लसणाचा मारा करून त्यावर उपाय शोधणं मला तरी उलटं वाटतं.

द्राक्षं आणि मनुका-बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आलं. कोडं असं होतं की एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत, दुसरा चार दाण्यांनी आडवा. २०२१मध्ये अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाची जात आणि पिकण्याची अवस्था यांनुसार त्याचं प्रमाण बदलतं, त्यामुळे कोडं बरंचसं सुटतं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. सांगली-तासगावचा बेदाणा घातलेला शिरा आणि चिंच-गुळाची आमटी दोन्ही एका ताटात असतात. आमटीतल्या पातळ कोळाने नेमकं काय होतं, हे कुणी मोजलेलं नाही. पण चिंचेचा गोळा कुत्र्याच्या तोंडाला येईल असा ठेवू नये, इतकं नक्की.

चॉकलेटची भीती जरा भाबडी आहे. त्यातलं विष म्हणजे थिओब्रोमाइन. दर किलो वजनाला २० मिलिग्रॅमपासून उलटी, अस्वस्थता दिसते. ६०च्या आसपास झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटात ते ग्रॅममागे दोनेक मिलिग्रॅम, डार्कमध्ये त्याच्या कितीतरी पट, पांढऱ्यात जवळपास नाहीच. मुलाच्या हातून पडलेल्या एका चौकोनाने लॅब मरत नाही. कोको पावडरचे दोन-तीन चमचे मात्र दहा किलोच्या कुत्र्याला आजारी पाडायला पुरतात. याउलट ज्याची भीती कुणाला नाही ते झायलिटॉल खरं धोकादायक. काही शुगरफ्री च्युइंगगम आणि पीनट बटरमध्ये ते असतं. दहा किलोच्या कुत्र्याच्या पोटात एक ग्रॅम गेलं तरी रक्तातली साखर कोसळू शकते. घरचा खाऊ करताना पीनट बटर वापरायचं तर डब्यामागचं लेबल वाचावं, किंवा सरळ घरी दाणे भाजून कुटावेत.

माणूस की लांडगा : समजुतींची दोन कुळं

कुत्र्याविषयीच्या समजुती पाहिल्या तर त्यांची दोन कुळं दिसतात. काहींत कुत्रा म्हणजे घरातलं लहान मूल, काहींत तो दारात बांधलेला लांडगा.

पहिल्या कुळातली सर्वांत जुनी : गोड खाल्लं की जंत होतात. हे मुलांना सांगतात तसंच कुत्र्यांबद्दल म्हणतात. पिल्लांतले गोल जंत बहुधा जन्माआधीच आईच्या पोटातून आणि नंतर तिच्या दुधातून येतात. गोडाने लठ्ठपणा येतो, जंत नाही. त्यामुळे गूळ बंद केला म्हणून डिवर्मिंग टळत नाही. दूध हे पिल्लाचं पूर्णान्न, ही दुसरी. मोठेपणी बऱ्याच कुत्र्यांत लॅक्टोज पचवण्याची क्षमता घटते आणि जुलाब होतात; काहींना मात्र वाटीभर दूध आयुष्यभर पचतं. दही-ताक त्या मानाने सोसतं. अंडं उष्ण पडतं म्हणून उन्हाळ्यात बंद, याला पशुवैद्यकात आधार नाही. नाक कोरडं म्हणजे ताप, यालाही नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. ताप थर्मामीटरने कळतो.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब त्याच घरचा. सॅन डिएगोच्या संशोधकांनी २०२०मध्ये १०४ लॅब्राडॉरांच्या डीएनएवरच्या खुणांवरून वेगळंच चित्र मांडलं : वर्षाचा कुत्रा माणसाच्या तिशीत असतो आणि पुढे त्याचं वय सावकाश चढतं. तेही एकाच जातीवरचं. पामेरियन आणि ग्रेट डेन यांना एक सूत्र लागू होणार नाही. चप्पल फाडल्यावर मान खाली घालणारा कुत्रा अपराधी असतो, हीही माणसाचीच भावना त्याच्यावर लादलेली. संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये दाखवलं की तो चेहरा गुन्ह्यामुळे नाही, मालकाच्या ओरडण्यामुळे होतो. काही न केलेला कुत्राही तसाच बघतो.

दुसऱ्या कुळातली आपल्याकडची ठळक समजूत म्हणजे मांस घातलं की कुत्रा हिंस्र होतो, रक्ताची चटक लागते, पिसाळतो. रेबीज विषाणूने होतो, खिम्याने नाही. हाडावर गुरगुरणारा कुत्रा रक्तपिपासू झालेला नसतो, तो हाड राखत असतो. ते राखणं शिकवणुकीने कमी होतं, शाकाहाराने नाही. या समजुतीपायी चावलेल्या कुत्र्याचा ‘आहार’ विचारत बसतात आणि जखम साबणाने पंधरा मिनिटं धुणं व लस राहून जाते, हा तिचा खरा तोटा.

‘कुत्र्याला दाखवून द्या बॉस कोण’ हा सल्ला नव्या पिढीत जास्त आढळतो. आपण आधी जेवायचं, त्याला नंतर द्यायचं. गुरगुरला तर पालथं दाबून धरायचं. याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या निरीक्षणांत आहे. त्यांचे लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले आणि एकमेकांना परके होते. डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकाने ‘अल्फा’ हा शब्द जगभर नेला. पुढे रानातले कळप पाहून त्यांनीच १९९९मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे सिंहासनाची लढाई नसते. आपलं जुनं पुस्तक छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले आणि २०२२मध्ये ते थांबलं. लेखकाने स्वतःचं पुस्तक बंद पाडायला इतकी खटपट केल्याचं उदाहरण विरळच. तरी प्रशिक्षकांच्या तोंडून ‘अल्फा’ जात नाही. शिस्त लागतेच, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. वाद धाकाचा आहे, आणि तिथेच खाऊचं महत्त्व येतं : बक्षीस म्हणून दिलेला वाटाण्याएवढा तुकडा आज शिकवण्याचं मुख्य साधन आहे.

शेपटी हलवणारा कुत्रा खूश, हे अर्धसत्य. इटलीतल्या प्रयोगात मालक दिसल्यावर शेपटी उजवीकडे जास्त झुकली, अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. कुत्र्याला सगळं काळं-पांढरं दिसतं, हे तर १९८९मध्येच मोडीत निघालं. निळा-पिवळा तो ओळखतो, लाल-हिरव्यात घोळ होतो. लाल चेंडू गवतात हरवतो तो याचमुळे.

न सुटलेलं

धान्यविरहित खाद्याचा प्रश्न अधांतरी आहे. एफडीएने २०१८मध्ये वाटाणे-मसूर जास्त असलेल्या अशा खाद्याचा हृदयविकाराशी संबंध असावा, असा इशारा दिला. २०२२अखेर नवा पुरावा येईपर्यंत पुढची माहिती देणं थांबवलं. डाळींचं पीठ सढळ हाताने घालणाऱ्या आपल्या घरगुती पाककृतींना हा इशारा लागू होतो का, याचं उत्तर आज तरी नाही. घरच्या जेवणाच्या तपासण्या बहुतेक सगळ्या अमेरिकी पाककृतींच्या आहेत. ज्वारीची भाकरी, कोंबडीचे पंजे आणि ताक अशा ताटाची मोजणी झाल्याशिवाय आपल्याकडचे दोन्ही पक्ष उसन्या आकड्यांवरच भांडत राहतील.

रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत तर जेवण आणि खाऊ हा भेदच पुसला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात त्यांना ठरावीक जागीच खायला घालावं असं म्हटलं. कुठे घालावं यावर त्यानंतर गल्लोगल्ली चर्चा झाली. काय घालावं यावर जवळपास नाही. पाचजणांनी पाच वेळा दिलेली बिस्किटं हाच तिथे पुष्कळदा पूर्ण आहार असतो.

कायद्याची बाजूही अर्धवट आहे. अन्नसुरक्षा कायदा, २००६च्या ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. घरी चकल्या करून विकणाऱ्या बाईला नोंदणी लागते. त्याच ओव्हनमध्ये कुत्र्याची बिस्किटं भाजून विकताना त्या कायद्याचं बंधन नाही. भारतीय मानक ब्यूरोचं कुत्रा-मांजराच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते पाळणं आजवर ऐच्छिक राहिलं आहे. नियम आले तर छोट्या घरगुती व्यावसायिकांना प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही, असं एक म्हणणं. दुसरं असं की किमान घटक, बनवल्याची तारीख आणि कॅलरी एवढं तरी पाकिटावर छापायला प्रयोगशाळा लागत नाही. मला दुसरं पटतं. तारखेला तर एक पेन पुरतं, आणि पावसाळ्यात घरच्या खाऊबद्दल सगळ्यात आधी तीच पाहावी लागते.